गव्हाचे तेरा दाणे

गिरणीच्या पायरीवर

सकाळचे साडेसहा. हडपसरमधल्या एका गल्लीतली पिठाची गिरणी अजून सुरू व्हायची आहे. गिरणीवाले काका दारात पाणी शिंपडून भिंतीवरच्या फोटोला उदबत्ती ओवाळताहेत. पायरीवर एक बाई मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसली आहे. डब्यात पाच किलो ज्वारी, आणि शेजारच्या कापडी पिशवीत आणखी एक किलो, वेगळी. चक्की सुरू झाली तशी तिनं आधी पिशवी पुढे केली. "ही आधी दळा काका. हे पीठ मला नको. ही चक्की धुवायला आहे."

चक्की पाण्यानं धुता येत नाही. दगडांच्या मधल्या फटीत, वरच्या खोक्याच्या कोपऱ्यात, पीठ जिथून खाली पडतं त्या कापडी बाहीच्या शिवणीत आदल्या रात्रीचं शेवटचं दळण अडकून बसतं, आणि ते बहुतेक वेळा गव्हाचं असतं. म्हणून ही बाई किलोभर ज्वारी त्या वाटेनं जाऊ देते, ते पीठ कोपऱ्यावरच्या गोठ्यात देऊन टाकते आणि मग आपला डबा उघडते. दीड वर्ष तिनं दर दहा दिवसांनी हे केलं. रांगेतल्या बायका आधी हसल्या, मग वैतागल्या, मग त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, मुलीला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे? म्हणजे अजिबात नाही, इतकाही नाही. त्यावर जो प्रश्न आला तो या लेखासाठी फिरताना मला घरांत, शाळेत, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे ऐकू आला: "एवढ्याशानं काय होतंय?"

यंदाच्या अंकाचा विषय 'पीठ' आहे असं संपादकांनी कळवलं तेव्हा जातं, ओव्या, भाजणीचा खरपूस वास हे सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण मन थांबलं ते या पायरीवर. ही बाई माझ्या ओळखीची. तिच्या मुलीला सिलिॲक हा आजार आहे. रांगेतल्या बायकांचा प्रश्न खोडसाळ नव्हता. त्याचं नीट उत्तर कुणी दिलेलंच नसतं.

मऊ भात आणि मेतकूट

कुटुंब मूळचं लातूरकडचं. नवऱ्याची नोकरी पुण्यात, म्हणून मुलगी दोन वर्षांची असताना सगळे इकडे आले. गावाकडे घरात भाकरी व्हायची, इथे सकाळच्या घाईत पोळी सोपी पडायला लागली. डब्यात पोळी-भाजी, चारला दुधात बुडवून बिस्किटं, रविवारी शिरा किंवा उपमा. चारचौघांच्या घरात असतं तसंच.

तिसऱ्या वर्षापासून मुलीला बाळसं धरेना. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे, दिवसातून तीन-चारदा पातळ शी. जंतांचं औषध झालं. लोहाचं सिरप झालं. टॉनिकच्या बाटल्या झाल्या. आजीनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. पाचव्या वर्षी एका दवाखान्यात पोटाचा टीबी असेल असं सांगून सहा महिने गोळ्या दिल्या गेल्या. सातव्या वर्षी तिचा गणवेश वर्गातल्या सगळ्यांत लहान मापाचा होता. पोट बिघडलं की आजी तिला पथ्याचं म्हणून मऊ भात आणि मेतकूट द्यायची, वर साजूक तुपाची धार. मेतकुटात हरभरा डाळ, तांदूळ, उडीद यांच्याबरोबर मूठभर गहूही भाजून घालतात. आजारी लेकराला आपण कळवळून जे भरवत होतो त्यातच आजाराचा दाणा होता, हे आजीला नंतर कळलं. हे सांगताना त्या पदराच्या टोकाशी चाळा करत बराच वेळ गप्प बसल्या. त्यांना दोष कोण देईल? मेतकूट हे लहान मुलांचं आणि आजाऱ्यांचं अन्न, हे आपल्या कितीतरी पिढ्यांचं शहाणपण आहे. शंभरातल्या नव्व्याण्णव मुलांना ते मानवतं.

नवव्या वर्षी तिचं हिमोग्लोबिन ६.८ वर आलं तेव्हा एका बालरोगतज्ज्ञांनी तिची उंची मोजून तक्त्यावर मांडली. आईला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "ही रोज किती पोळ्या खाते?" सहा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

ग्रहणी नावाचं आतडं

गव्हाच्या कणकेचा गोळा वाटीभर पाण्यात धरून हलकेच चोळत राहिलं तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. ते ओतून नवं पाणी घ्यायचं, पुन्हा चोळायचं. पिठूळपणा सगळा निघून गेला की हातात चिकट, ताणलं तर लांबणारा, सोडलं तर आखडणारा एक गोळा उरतो. हे ग्लुटेन. पोळी फुगते, पाव जाळीदार होतो, पुरणपोळी फाटत नाही, ती याच्यामुळे. ज्वारीच्या पिठाला ते नसतं, म्हणून भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. ज्यांनी भाकरी केली आहे त्यांच्या तळहाताला हे शास्त्र आधीच ठाऊक आहे.

या प्रथिनाचे पूर्ण तुकडे करणं माणसाच्या पाचक रसांना जमत नाही. ३३ दुव्यांची एक साखळी तशीच टिकून राहते, हे २००२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. बहुतेकांच्या पोटातून ती निमूट निघून जाते. पण काही जणांच्या शरीरातली संरक्षणव्यवस्था तिला शत्रू समजते. आतड्यातलं एक विकर त्या साखळीत किंचित बदल करतं, त्यामुळे ती संरक्षक पेशींच्या खाचेत आणखी घट्ट बसते, आणि हल्ला सुरू होतो. हल्ला गव्हावर होतो आणि त्याबरोबर त्या विकरावर आणि आतड्याच्या अस्तरावरही. शरीर स्वतःलाच ओरबाडू लागतं. त्यामुळे ही ॲलर्जी नव्हे आणि नुसतं न पचणंही नव्हे. ज्यांच्या पेशींवर ती विशिष्ट खाच असते, डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ नावाची, त्यांनाच हा आजार होऊ शकतो. अशी माणसं तिघांत एक तरी सापडतात, पण आजार त्यातल्या थोड्यांनाच होतो. उरलेल्यांना का होत नाही, याचं पुरतं उत्तर शास्त्राकडे अजून नाही.

जठराच्या लगेच पुढे लहान आतड्याचा जो पहिला भाग आहे त्याला आपल्याकडे ग्रहणी म्हणतात. जे घेते ती ग्रहणी. जुने वैद्य दीर्घकाळच्या जुलाबांना संग्रहणी म्हणत. ग्रहणीचं अस्तर सोलापुरी टॉवेलासारखं असतं, उभ्या बारीक धाग्यांनी भरलेलं. एकेक धागा मिलिमीटरभराचाही नसतो, पण त्या सगळ्यांच्या जोरावर अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं टिपली जातात. सिलिॲकमध्ये हे धागे झिजतात आणि टॉवेलाचं पातळ धोतर होतं. वर कितीही दूध-तूप ओता, ते टिपायला काही उरत नाही. लोहाच्या गोळ्यांनी वर न येणारा पांडुरोग, खुंटलेली उंची, ठिसूळ हाडं, लांबलेली पाळी, वारंवार होणारे गर्भपात या एकमेकींपासून लांब वाटणाऱ्या तक्रारी याच एका झिजलेल्या जागेतून निघू शकतात. जुलाब असतातच असं नाही. मोठ्या माणसांत कित्येकदा नसतातच, आणि म्हणून डॉक्टरांचंही लक्ष पोटाकडे जात नाही.

हेगमधला उपाशी हिवाळा

गव्हावर बोट ठेवलं गेलं ते नेदरलँड्समध्ये. विलेम-कारेल डिके हे हेगच्या युलियाना बालरुग्णालयातले डॉक्टर. त्या काळी सिलिॲकच्या मुलांना केळी खाऊ घालत. अमेरिकेत सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार सुचवला होता आणि मुलं खरोखर सुधारत होती. श्रेय केळ्यांना मिळालं. त्या आहारात पाव नव्हता, इकडे कुणी पाहिलं नाही.

डिके यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच पावाचा संशय होता. १९४४ च्या सप्टेंबरात डच रेल्वे कामगारांनी संप केला आणि जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली. त्या हिवाळ्यात लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. हजारो माणसं उपासमारीनं मेली. अशा दिवसांत डिके यांच्या वॉर्डातली ही मुलं मात्र सावरत होती, आणि पाव परत आला तशी पुन्हा खंगली. एका डॉक्टरानं भुकेच्या त्या काळातही मुलांची वजनं लिहून ठेवली, ही मला या गोष्टीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मुलांना निरनिराळी धान्यं देऊन, शौचातून किती चरबी न पचता बाहेर पडते ते मोजलं. गहू आणि राय बाधतात, तांदूळ आणि मका बाधत नाहीत. १९५० मध्ये युट्रेक्ट विद्यापीठात त्यांनी हा प्रबंध मांडला. त्याला सत्तरच्या वर वर्षं झाली, आणि उपाय अजून तोच आहे. गहू, जव आणि राय आयुष्यभर बंद. मान्यता मिळालेलं औषध नाही.

आधी तपासणी, मग पथ्य

पुण्यातल्या एका रुग्णालयातल्या पोटविकारतज्ज्ञांनी मला त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ बसू दिलं. पस्तिशीतल्या एक बाई आल्या. पोट फुगतं, थकवा येतो. त्यांनी मोबाइलवर काहीबाही पाहून चार महिन्यांपूर्वीच गहू सोडला होता. बरं वाटतंय, पण खात्री करून घ्यायची आहे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही गहू सोडून आलात, आता मी काय शोधू?"

घोटाळा नेमका इथेच होतो, म्हणून जरा थांबून सांगते. तपासणी दोन पायऱ्यांची असते. पहिली रक्ताची. मघाच्या त्या विकराविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं तीत मोजतात. चिठ्ठीवर 'टीटीजी आयजीए' असं लिहिलेलं असतं. त्याबरोबर एकूण आयजीए मोजणं गरजेचं असतं, कारण सिलिॲकच्या शंभर रुग्णांतल्या दोघा-तिघांच्या रक्तात आयजीएच फार कमी असतं आणि त्यांची पहिली चाचणी खोटी निर्दोष येते. दुसरी पायरी दुर्बिणीची. तोंडावाटे बारीक नळी घालून ग्रहणीचे चार-पाच ठिकाणचे छोटे तुकडे घेतात, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. एकच तुकडा घेतला आणि तो चांगल्या जागेचा निघाला तर आजार हुकतो. लहान मुलांत प्रतिपिंडं सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असतील आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या रक्तावर दुसऱ्या प्रकारची चाचणीही तेच सांगत असेल, तर तुकडा न काढताही निदान करता येतं, असं युरोपातले बालपोटविकारतज्ज्ञ मानतात. आपल्याकडे ग्रहणीचे धागे इतर कारणांनीही झिजतात, जंतुसंसर्गानं किंवा उष्ण प्रदेशातल्या संग्रहणीनं. त्यामुळे नुसत्या तुकड्यावर विसंबून चालत नाही आणि नुसत्या रक्तावरही बहुधा नाही.

या दोन्ही चाचण्यांना पोटात गहू लागतो. गहू बंद केला की काही महिन्यांत प्रतिपिंडं उतरतात, धागे पुन्हा उगवू लागतात. मग चाचणी स्वच्छ येते आणि कुणालाच काही कळत नाही. त्या बाईंना पुन्हा काही आठवडे रोज पोळी खायला सांगितलं गेलं. चार महिने बरं वाटत असताना परत दुखणं ओढवून घ्यायचं. त्या रडकुंडीला आल्या. त्यांच्या दुखण्याचं कारण सिलिॲक नसेलही. सिलिॲक नसतानाही गव्हानं पोट बिघडणारे लोक असतात. पण त्यांचं पथ्य सैल चालतं आणि सिलिॲकचं जन्माचं असतं, तेही कडक, आणि घरच्यांच्याही तपासण्या मागणारं. म्हणून दोन्ही ओळखून घ्यावे लागतात. गहू सोडून बघू, बरं वाटलं तर ठीक, असं शेजारी आणि नातेवाईक फार सहज सांगतात. कृपा करून सांगू नका. आधी रक्त, मग पथ्य.

हडपसरच्या मुलीचा दुर्बिणीचा अहवाल तिच्या आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. त्यात 'मार्श ३' असं लिहिलंय. मायकेल मार्श या डॉक्टरांच्या नावानं झीज मोजायची ही पद्धत ओळखली जाते. ३ म्हणजे धागे झिजलेले. आईला इंग्रजी अहवाल वाचता येत नाही, पण तो तिप्पट घडी घातलेला कागद तिला पाठ आहे.

भाकरीच्या मुलखात

हा उत्तरेचा आजार, आपला नव्हे, असं पूर्वी मला डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळालं आहे. त्याला आधार आहे, पण अर्धा. भारतातल्या रुग्णांची वर्णनं १९६६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली, ती उत्तरेतलीच. लुधियानाच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये पंजाबातल्या शाळकरी मुलांत ३१० मागे एक असं प्रमाण मांडलं. दिल्लीच्या एम्समधले डॉ. गोविंद मखारिया आणि सहकारी दिल्ली परिसरातल्या वस्त्यांत फिरले, तेव्हा २०११ साली हा आकडा ९६ मागे एक असा निघाला. मग २०१६ मध्ये डॉ. बी. एस. रामकृष्ण आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या तेवीस हजारांहून अधिक निरोगी प्रौढांचा. उत्तरेत रक्तात प्रतिपिंडं असलेले १.२३ टक्के, दक्षिणेत ०.१० टक्के. आजाराला वाट देणारी जनुकं मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखी. फरक ताटात होता: उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५.

आजाराची वाट दोन्हीकडे उघडी होती, दक्षिणेत त्या वाटेनं गहू फार कमी गेला. महाराष्ट्राचं ताट या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ते सरकतं आहे. मराठवाड्यात, सोलापुरात आमच्या आज्यांच्या लहानपणी गहू सणाला यायचा. पोळी हा पाहुण्यांचा मान होता, आणि घरात रोज पोळ्या होतात हे ऐपतीचं लक्षण. मग रेशनवर गहू आला, ज्वारीखालची जमीन घटली, शहरात पोळीभाजी केंद्रं निघाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गहू दोन रुपये किलोनं देऊ केला, २०२३ पासून तो फुकट मिळतो. गरिबाच्या घरात धान्य पोचतं याचा मला आनंदच आहे. पण रेशनवर जगणाऱ्या घरात सिलिॲकचं मूल निघालं तर फुकटाचा गहू त्याच्या कामाचा नसतो आणि ज्वारी बाजारभावानं विकत घ्यावी लागते. असं घर मी लोणी काळभोरजवळ पाहिलं. वडील वीटभट्टीवर. ते रेशनचा गहू शेजाऱ्याला देऊन त्याच्याकडून तांदूळ घेतात.

त्याच घरात आणखी एक गोष्ट कळली. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी महागाचा खपली गहू आणून मुलाला वर्षभर खाऊ घातला होता. खपली जुना असेल, खिरीला उत्तम असेल, पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. देशी, सेंद्रिय, जात्यावर दळलेला, कसाही असला तरी सिलिॲकच्या मुलाला तो विषासारखाच.

दाण्यांचा हिशोब

आता "एवढ्याशानं काय होतंय?" या प्रश्नाकडे येते.

इटलीतले डॉ. कार्लो कातासी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग छापला. पथ्य पाळून सुधारलेले मोजकेच प्रौढ रुग्ण त्यांनी घेतले. तीन महिने रोज एक कॅप्सूल दिली. काहींच्या कॅप्सुलीत ५० मिलिग्रॅम ग्लुटेन, काहींच्यात १०, काहींच्यात काहीच नाही. ५० मिलिग्रॅमवाल्यांच्या आतड्याचे धागे पुन्हा खुरटले. रुग्ण थोडे होते, पण तेव्हापासून ही मर्यादा डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे असते.

५० मिलिग्रॅम म्हणजे किती? गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा. त्यात बारा टक्के प्रथिन, त्यातलं चार-पंचमांश ग्लुटेन. म्हणजे एका दाण्यात चारच्या आत-बाहेर. तेरा दाणे झाले की ५० मिलिग्रॅम भरले. मी स्वयंपाकघरात बसून तेरा दाणे तळहातावर मोजून घेतले. मूठ मिटली तर आत काही आहे असं जाणवत नाही. एका मध्यम पोळीत याच्या पन्नासपट असतं.

मग त्या आईची किलोभर ज्वारी समजते. आणि फोडणीही. बाजारातला बांधानी हिंग हा निव्वळ हिंग नसतो. मूळ राळ इतकी उग्र असते की ती पिठात आणि डिंकात मिसळूनच विकतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. वरण, आमटी, चिवडा, लोणचं, ज्या पदार्थांत गव्हाचा पत्ता नाही अशा सगळ्यांत तो चिमटीनं उतरतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, डबीवर लिहिलेलं वाचून घ्यावा लागतो. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, कुरडईचा चीक गव्हाचा, सातूचं पीठ तर नावापासूनच जवाचं. तळलेल्या माशावर रवा, चायनीजच्या गाडीवरच्या काळ्या सॉसमध्ये गहू, दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीत जवाचं मॉल्ट. ओट्स स्वतः बहुतेकांना बाधत नाहीत, पण शेतापासून पाकिटापर्यंत ते गव्हाच्या सोबतीनं येतात. बेसन गिरणीत पुष्कळदा गव्हाच्याच चक्कीवर दळलं जातं. ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्याच तेलात साबुदाणावडा सोडला की उपासाचा वडाही गेला. लाकडी पोळपाटाच्या भेगा, पिठाची चाळणी, तवा, हे सगळं वेगळं लागतं.

हे ऐकून छाती दडपते. पण हडपसरच्या त्या घरात मी जेवले तेव्हा ताटात बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, ताक होतं, आणि कशाची उणीव भासली नाही. पंजाबातल्या आईपेक्षा मराठी आईच्या हातात या बाबतीत जास्त आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदळाची उकड, घावन, आंबोळी, धिरडी. उपासाचं सगळं फडताळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, हे मुळातच गव्हाविना आहे. ही मुलगी शाळेच्या सहलीला राजगिऱ्याची चिक्की आणि वरईचे वडे नेते. महागडी ग्लुटेनमुक्त बिस्किटं आणि पाव ही सोय म्हणून ठीक, पण त्यांत पुष्कळदा नुसतं स्टार्च आणि साखर असते. पाकीट घेतलंच तर त्यावर 'ग्लुटेनमुक्त' असे शब्द हवेत. एफएसएसएआयच्या नियमानं त्याचा अर्थ किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही असा होतो. किलोभरात पाच दाणे.

पथ्य सुरू होऊन दीड वर्ष झालं तेव्हा आईनं भिशीचे पैसे लागल्यावर घरघंटी घेतली. गिरणीची पायरी सुटली, नवा प्रश्न आला. शेजारणी डबे घेऊन येऊ लागल्या, आमचंही तेवढं दळून दे. तांदूळ, ज्वारी ती आनंदानं दळून देते. गव्हाला नाही म्हणते. एका शेजारणीनं त्यावरून बोलणं सोडलं आहे. आईला त्याचं फार वाईट वाटतं.

प्रसाद

सत्यनारायणाचा प्रसाद नाकारता येत नाही. सव्व्याच्या मापानं रवा, तूप, साखर, वर केळं. शेजारच्या पूजेत गुरुजींनी मुलीच्या हातावर शिरा ठेवला. तिनं तो कपाळाला लावला आणि आईच्या हाती दिला. मागून कुणीतरी म्हणालं, देवाच्या प्रसादानं कधी कुणाला काही झालंय का. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. ती म्हणाली, "मला झालंय."

हा पेच एकट्या आपल्याच देवघरात नाही. ख्रिस्तप्रसादाची भाकर गव्हाचीच असली पाहिजे, असं कॅथलिक चर्चचं म्हणणं आहे, आणि पूर्ण ग्लुटेनविरहित भाकर ग्राह्य नाही, हे रोमहून २०१७ मध्ये पुन्हा सांगितलं गेलं. पण फार कमी ग्लुटेनची भाकर चालते, आणि तीही न चालणाऱ्याला केवळ द्राक्षारस घेता येतो. वसईपासून गोव्यापर्यंतच्या ज्या घरांत हा आजार आहे त्यांच्यासाठी ही मोकळीक मोलाची आहे. आपल्या पूजांना असं परिपत्रक काढणारं कुणी नाही. तिथे यजमानबाईनं आपणहून पाच फुटाणे आणि एक केळं बाजूला काढून ठेवलं तर काम होतं.

वाढदिवसाचे केक, लग्नाच्या पंगती, वसतिगृहाची मेस, आणि मुलींच्या बाबतीत स्थळं. दवाखान्याच्या बाकावर भेटलेल्या एका वडिलांनी मुलीचा आजार पाहुण्यांना कळू दिला नव्हता. लग्नानंतर तीही कुणाला सांगू शकली नाही. सासरी चार महिने तिनं पोळ्या खाल्ल्या. ती आत दुर्बिणीच्या खोलीत होती, वडील बाहेर हातातली चिठ्ठी उलगडत आणि मिटत बसले होते.

आईचं रक्त

हा आजार घरात असेल तर आईवडील आणि भावंडं यांची तपासणी करावी, असं डॉक्टर सांगतात. जगभरचे अभ्यास एकत्र केले तर अशा जवळच्या शंभर नातेवाइकांत सात-आठ जण सापडतात. हडपसरच्या मुलीच्या भावाची तपासणी लगेच झाली, वडिलांची झाली. दोघांचीही स्वच्छ. आईची राहिली. कधी पगाराचा आठवडा नव्हता, कधी गिरणी, कधी शाळा. "मला काय धाड भरलीय?" असं ती म्हणायची. तिचं हिमोग्लोबिन लग्नापासून आठच्या पुढे गेलं नव्हतं. पाय दुखायचे, टाचा दुखायच्या, ते सगळ्याच बायकांचं दुखतं असं समजून चालली होती. जुलाब कधीच नाहीत. वडील आणि भाऊ अजून पोळ्या खात होते, त्यांच्या उरलेल्या पोळ्या संपवणारी तीच.

गेल्या वर्षी अखेर रक्त दिलं. टीटीजी मर्यादेच्या कितीतरी पट वर. दुर्बिणीत तेच पातळ धोतर. ज्या बाईनं मुलीसाठी गिरणीतली एकेक शिवण झटकली होती, ती स्वतः रोज रात्री शिळी पोळी खात होती. हा अहवाल मुलीनं वाचून दाखवला, कारण आता तिला इंग्रजी येतं. आईला तिनं पहिल्यांदा काय म्हटलं ते मी विचारलं. "म्हटलं, घाबरू नको, मी शिकवते."

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. दोन वर्षांत तिची उंची भराभर वाढली, गणवेश दोनदा बदलला. तिची प्रतिपिंडं जवळजवळ सामान्यावर आली आहेत. आईचं हिमोग्लोबिन अकरा झालंय, पण मोठ्या वयात धागे उगवायला वेळ लागतो, वर्षं लागू शकतात. तिच्या हाडांची घनता तपासायची आहे.

मी शेवटची गेले ती भाद्रपदात, महालक्ष्म्या बसायच्या आधी तीन दिवस. मराठवाड्याकडच्या रिवाजानं घरात फराळाचा घाट होता. फुलोऱ्याच्या करंज्या यंदा चुलतजावेच्या घरून येणार आणि वर टांगल्या की त्यांना कुणी हात लावणार नाही, असं ठरलं होतं. नैवेद्याचं पुरण घरचं, पोळी नाही, जोडीला ज्वारीची आंबील. हे कुणी ठरवलं, असं मी आजींना विचारलं. "मीच. महालक्ष्म्या माज्या लेकराच्या ताटातलंच जेवत्यात."

तांदूळ तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, फडक्यावर वाळवून, घरघंटीवर दळून झाले होते. गुळात कालवलेलं पीठ मुरलं होतं. आजींनी नवी पिशवी फोडून कढईत तेल ओतलं आणि खसखशीवर पहिला अनारसा थापला. मुलगी ओट्याला टेकून उभी होती. पीठ सैल झालं असेल तर अनारसा तेलात पसरून विरतो, त्याला हसला म्हणतात. सगळ्या कढईत वाकून बघत होत्या. तो हसला नाही. जाळी धरून वर आला. आजींनी तो झाऱ्यानं निथळून देवासमोर ठेवला, दुसरा सोडला, आणि तिकडे न बघताच म्हणाल्या, "ताटली आण गं. ह्यो तुजा."